फांटा

एखादें साधें प्रकरण वाढत जाऊन त्यांतून दहा प्रकरणें निघूं लागलीं, म्हणजे त्याला 'फांटे फुटले' असें मराठींत म्हणतात. वक्त्यानें मूळ मुद्दा सोडून भलतीकडे धाव घेतली, कीं त्यानें 'फांटे फोडले'; आणि यजमानानें एखादा खर्चिक समारंभ गाळला, कीं त्याला 'फांटा दिला'. हे सारे प्रयोग सुशिक्षित घरांतून नित्य ऐकूं येतात. परंतु हा शब्द झाडावरून उतरून बोलण्यांत आला आहे, याची आठवण तेव्हां क्वचितच कोणाला होते.

फाटणें, फाडणें, फुटणें, फोडणें हा परिवार संस्कृतांतील 'स्फट्' आणि 'स्फुट्' या धातूंकडे जातो. चिरणें, उकलणें, दुभंगणें हा त्यांचा अर्थ. फांटा हा याच परिवारांतला मानतात. खोड जेथें दुभंगतें तेथून तो निघतो. कोंकणींत फांदीला 'फांटो' हेंच नांव आहे. मौज अशी कीं, मराठी माणूस एकाच क्रियापदानें जन्म आणि नाश दोन्ही सांगतो : पालवी फुटते आणि मडकेंही फुटतें. म्हणूनच 'शाखा' आणि 'फांटा' यांचा अर्थ एक असला, तरी पत एक नाहीं. वेदाला शाखा असतात, पतपेढीला असतात. फांटे फुटतात ते वादाला आणि रस्त्याला. शाखा मुळाचा अभिमान सांगते. फांट्यावर मूळ सोडल्याचा संशय असतो. इंग्रजींतील 'रॅमिफिकेशन' हा शब्दही लॅटिनमधील फांदीवाचक 'रामुस' यापासूनच निघाला आणि फांदीवरून परिणामांवर गेला. आपला 'परिणाम' शब्द मात्र वळणें, पालटणें या अर्थाचा. परिणाम एकटा असूं शकतो. फांटे बहुधा अनेकच.

डहाणू व तलासरी या तालुक्यांत या शब्दाच्या बऱ्याच अर्थांची गांठ पडते. मोटारीनें अहमदाबादेकडे जाणाऱ्या श्रोत्यांना चारोटी नाका परिचित असेल; तेथें महामार्गाचा एक फांटा पश्चिमेस डहाणूच्या समुद्राकडे आणि दुसरा पूर्वेस कासा-जव्हारकडे जातो. सूर्या नदीवरील धरणाच्या पाण्याचे फांटे शेतांत उतरतात, आणि आतां त्याच पाण्याचा एक मोठा फांटा दूर वसई-विरार आणि मीरा-भाईंदरच्या नळांकडे वळला आहे. पण या मुलखांतला खरा फांटा म्हणजे लांकूडफांटा.

येथील भातशेती फांदीवर उभी राहिली. पावसापूर्वीं रोपें करावयाच्या वाफ्यावर शेण, झाडाच्या छाटलेल्या फांद्या, पालापाचोळा, गवत आणि वर थोडी माती असे थर घालून तो भाजावयाचा. यास 'राब' म्हणतात. भाजण्यानें तणाचें बीं मरतें, राखेचें खत मिळतें, आणि पहिल्या सरीबरोबर पेरलेलें भात तरारून येतें. पुढें तीं रोपें उपटून आवणी होते. राबासाठीं ऐनाच्या फांद्या विशेष छाटल्या जात, आणि भातजमिनीला जोडून असलेली वरकस जमीन या कामासाठींच महत्त्वाची होती.

१८७८ सालीं वनकायदा झाला. ठाणें जिल्ह्यांतील रानें राखीव होऊं लागलीं आणि फांदी छाटण्यावर निर्बंध आले. सरकारी दृष्टीनें राब म्हणजे झाडाची नासधूस. शेतकऱ्याच्या दृष्टीनें राब नाहीं म्हणजे रोप नाहीं. गाऱ्हाणीं इतकीं वाढलीं कीं, १८८५ सालीं मुंबई सरकारला त्यांच्या चौकशीसाठीं जंगल कमिशन नेमावें लागलें. ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांच्या तक्रारी त्यापुढें होत्या, आणि त्याचा अहवाल १८८७ सालीं आला. एका फांदीचा वाद कमिशनपर्यंत जातो, हें शहरांतल्या माणसाला अतिशयोक्तीचें वाटेल. पण ज्याच्या घरांतलें वर्षाचें भात त्या फांदीवर अवलंबून आहे, त्याला तें तसें वाटत नाहीं.

या मनाईला फांटे कसे फुटले असतील, तें कळणें कठीण नाहीं. रोप अशक्त झालें कीं भात कमी. भात कमी कीं पावसाळ्यांत सावकाराकडून 'खावटी' उचलावयाची. खावटी फिटली नाहीं कीं जमीन गेली, आणि जमीन गेल्यावर उरली ती वेठ. लग्नासाठीं कर्ज काढून वर्षानुवर्षें बायकोसह सावकाराच्या घरीं राबणाऱ्याला 'लग्नगडी' असें नांवच पडलें. या दुःस्थितीला जंगलबंदी हें एकमेव कारण होतें असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. त्याच १८७८ सालच्या अबकारी कायद्यानेंही रानांतल्या माणसाच्या ताडी-मोहाच्या चालत आलेल्या व्यवहारावर हात घातला होता. परंतु हे दोन्ही फांटे एकाच दिशेनें वाढले, यांत शंका नाहीं.

जानेवारी १९४५ मध्यें टिटवाळ्यास किसान सभेची परिषद भरली. गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखालीं २३ मे १९४५ रोजीं झरी येथें जमलेल्या वारल्यांनीं बारा आणे रोख मजुरीवांचून जमीनदाराच्या शेतावर पाऊल न टाकण्याचा निश्चय केला. झरी तेव्हां उंबरगांव तालुक्यांत होतें. आज तें तलासरींत आहे. ऑक्टोबरांत तलवाडा येथें जमावावर गोळीबार होऊन जेठ्या गांगड यांच्यासह पांच जण मरण पावले. संप शेतांतून गवतकापणीकडे आणि १९४६ सालीं जंगलकामाकडे गेला. गोदावरी परुळेकरांनीं या लढ्याची हकीकत 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकांत सांगितली आहे.

२००६ च्या वनहक्क कायद्यानें गौण वनोपजावरील हक्क मान्य केला, आणि त्या वनोपजांत झुडपी लांकूड व बुंधे यांचाही समावेश केला. म्हणजे लांकूडफांट्याला अखेर कायद्यांत जागा मिळाली. मात्र काटक्या गोळा करणें आणि राबासाठीं झाडाची जिवंत फांदी छाटणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १८८५ सालीं कमिशनपुढें गेलेलें गाऱ्हाणें मुख्यतः दुसरीचें होतें.