पहिली नोंद
(वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. तथापि गतवर्षी एका भगिनीने विचारलेला प्रश्न मनातून जात नाही. “अँजिओग्राफीत मोठा अडथळा नव्हता, मग यांना झटका का आला?”

आमच्या हृदयरोगतज्ज्ञांनी समजावले ते असे : अँजिओग्राफी रक्ताची वाट किती अरुंद झाली ते दाखवते, वाहिनीच्या भिंतीतील दाह नव्हे. फारसा अडथळा न करणारा, परंतु दाहाने कमकुवत झालेला चरबीचा थरही अकस्मात फुटतो आणि त्यावर गुठळी धरते. हिशेबाच्या भाषेत, अँजिओग्राफी म्हणजे वर्षअखेरची शिल्लक. दाह ही रोजकीर्दीतील पहिली नोंद.

ती नोंद वाचण्याचे प्रयत्न सुरू आहेत. दाह सुरू झाला की वाहिनीच्या अस्तरावर ‘व्हीकॅम-१’ हे प्रथिन वाढते. २००७ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी त्याला चिकटणारी प्रतिपिंडे लोह-ऑक्साइडच्या सूक्ष्म कणांना जोडून ते कण उंदरांच्या रक्तात सोडले. नेहमीच्या एमआरआयमध्ये मेंदूत काहीच दोष दिसत नसता, दाहाच्या जागा काळ्या ठिपक्यांनी उमटल्या. मात्र ते कण शरीरात विघटन न पावणारे असल्याने माणसास देण्याजोगे नव्हते.

विशिष्ट प्रथिनाचा वेध न घेणारे, याहून लहान नॅनोकण माणसांत वापरले गेले आहेत. एडिंबराच्या संशोधकांनी महाधमनीचा फुगवटा असलेल्या ३४२ रुग्णांचा त्याद्वारे अभ्यास केला. दाह दिसला, धोकाही कळला. परंतु फुगवट्याच्या व्यासावरून जे कळते, त्यात विशेष भर पडली नाही.

आपल्यापैकी एका दात्यांनी या तपासणीसाठी मोठी रक्कम देऊ केली आहे. त्यांचे औदार्य शिरोधार्य मानूनही सांगणे कर्तव्य आहे की, यंत्र विकत मिळेल. व्हीकॅमचा वेध घेणारी तपासणी रुग्णसेवेत अद्याप आलेली नाही. न मिळणाऱ्या वस्तूसाठी धर्मादाय पैसा अडकवणे मला रास्त वाटत नाही. तीच देणगी रक्तदाब, मधुमेह व कोलेस्टेरॉलच्या मोफत तपासणीस आणि तंबाखू सोडवण्याच्या कामास मिळावी, ही नम्र विनंती. दाहाला खतपाणी घालणारी ही कारणे आज, अल्प खर्चात, ओळखता येतात.

त्या भगिनीच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर विज्ञान देईलच. तोवर आपल्या हाती असलेले उत्तर कोणाच्या दारी उशिरा पोहोचू नये, एवढीच प्रार्थना.