परवडणारी काच



कविता लिहिणारा माणूस आज रायफलवर बसवायच्या स्कोपबद्दल बोलणार आहे, हे ऐकून तुमच्यापैकी काहींनी भुवया उंचावल्या असतील. माझीही अवस्था तशीच होती. आयुष्यात मी बंदूक हातात धरली ती एकदाच, लहानपणी, तीही मामूंची ठासणीची. कोकणात आमच्या भातशेतीत रानडुकरे शिरत. मामू रात्री माळ्यावर बसत आणि डुकरे पळावीत म्हणून हवेत बार काढत. त्या बंदुकीला नेम धरायला नळीच्या टोकावर एक बारीक माशी होती, बस्स. काच, भिंग वगैरे काही नाही.

पण २०२३ च्या नोव्हेंबरात मी अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया राज्यात धाकट्या भावाकडे गेलो होतो. डोंगराच्या पायथ्याचे छोटे गाव. भावाच्या शेजारी साठी उलटलेले एक गृहस्थ राहतात. कारखान्यातून निवृत्त झालेले, मितभाषी. एके दिवशी ते दारात आले आणि भावाला म्हणाले, "स्कोप घ्यायला शहरात चाललोय. तुमच्या थोरल्या भावांना गावात कंटाळा आला असेल, तर त्यांना बरोबर नेऊ का?" भाऊ हसून मला म्हणाला, "भाईजान, जा. कवितेला विषय मिळेल." मी गेलो.

आधी एक शंका दूर करतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हरणाची शिकार हा गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. तिथली गोष्ट वेगळी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेनसिल्व्हेनियातली पांढऱ्या शेपटीची हरणे जवळजवळ संपली होती. त्या राज्याने १८९५ मध्ये वन्यप्राण्यांसाठी एक आयोग नेमला. त्याने १९०६ पासून दुसऱ्या राज्यांतून हरणे आणून जंगलात सोडली आणि शिकारीवर कडक नियम घातले. हरणे वाढली. लांडगे मात्र केव्हाच नाहीसे झाले होते. आता हरणे इतकी आहेत, की जंगलातली कोवळी रोपे वर येण्याआधीच फस्त होतात आणि रस्त्यावर मोटारींना हरणे धडकणे नेहमीचे झाले आहे. म्हणून परवाना, ठरावीक दिवस आणि ठरावीक संख्या, अशा चौकटीत तिथे शिकार चालते. १९३७ च्या एका कायद्याने रायफली आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या रक्षणासाठी राज्यांना मिळतो. हे सगळे पटो न पटो, समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही.

गाडीत बसल्यावर शेजाऱ्यांनी स्कोप बदलण्याचे कारण सांगितले. आदल्या वर्षी त्यांनी एका मादीवर गोळी झाडली. नेम खांद्यामागे धरला होता, पण गोळी मागे कुठेतरी लागली. मादी उडाली आणि झाडीत गेली. ते रक्ताच्या थेंबांमागून अंधार पडेपर्यंत फिरले, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेले. मादी सापडली नाही. "वर्षभर ते डोक्यातून गेलं नाही," एवढेच म्हणाले आणि रस्त्याकडे बघत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "माझ्याकडे अडीचशे डॉलर आहेत. त्यात बसेल ते घ्यायचं."

दुकानात काचेच्या कपाटात पन्नास-साठ स्कोप मांडलेले होते. शंभर डॉलरच्या आतले, आणि दोन हजारांच्या वरचेही. मला वाटले, जितके लांबचे दिसेल तितका स्कोप चांगला. दुकानदार माझ्याच वयाचा होता. त्याने मला पहिला धडा दिला. स्कोपवर "३-९ गुणिले ४०" असे लिहिलेले असते. म्हणजे समोरची वस्तू तिपटीपासून नऊपटीपर्यंत मोठी करून दाखवता येते, आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४० मिलिमीटर आहे. त्या राज्याच्या दाट जंगलात बहुतेक हरणे शंभर यार्डांच्या आत दिसतात. तिथे वीसपट मोठे करून काय दिसणार? नुसते केस! तिपटीवर ठेवले तर शंभर यार्डांवर तीसेक फूट रुंदीचा पट्टा डोळ्यांत मावतो. नऊपटीवर तोच जेमतेम बारा-चौदा फुटांवर येतो. चालत्या हरणाला शोधायचे तर आकडा लहान हवा. म्हणून स्वस्त स्कोपवर मोठा आकडा दिसला, तर भुलू नये. त्याच पैशात भिंगांचा दर्जा कुठेतरी कापलेला असतो.

दुसरा धडा उजेडाचा. हरणे बाहेर पडतात ती पहाटे आणि तिन्हीसांजेला. कायद्याने सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत शिकार करता येते, आणि खरी कसोटी याच दोन टोकांना लागते. पुढच्या भिंगाच्या व्यासाला किती पटीने भागले, की डोळ्यापर्यंत येणारा प्रकाशाचा झोत किती रुंद आहे ते कळते. ४० ला ८ ने भागले तर ५ मिलिमीटर. ४० ला ५ ने भागले तर ८. तरुणाची बाहुली अंधारात सात मिलिमीटरपर्यंत मोठी होते, आपल्यासारख्या पन्नाशी ओलांडलेल्यांची पाचच्या आसपास. बाहुलीत मावतो त्याहून रुंद झोत वायाच जातो. म्हणजे उजेड कमी झाला की जास्त पैसे मोजण्याऐवजी आकडा कमी करायचा. चित्र आपोआप उजळते. पन्नास मिलिमीटरचे भलेमोठे भिंग आमच्या वयाला उपयोगाचे नाही. उलट स्कोप जड होतो, उंच बसवावा लागतो आणि दस्त्यावर टेकलेला गाल उचलावा लागतो.

तिसरा धडा काचेवरच्या लेपाचा. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. स्कोपमध्ये अनेक भिंगे असतात. असे दहा पृष्ठभाग धरले, तर जवळजवळ तिसरा हिस्सा प्रकाश वाटेतच संपतो. १९३५ मध्ये जर्मनीत झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर अतिशय पातळ लेप चढवून हे परावर्तन कमी केले. आज डब्यावर "कोटेड"पासून "फुली मल्टिकोटेड"पर्यंत शब्द असतात. सगळ्या पृष्ठभागांवर अनेक थर असतील, तरच शेवटचा शब्द खरा. परवडणाऱ्या किमतीत पाहायचे ते हे.

दुकानातल्या झगझगीत दिव्यांखाली सगळेच स्कोप चांगले दिसतात. दुकानदाराने तीन स्कोप काढले आणि आम्हाला मागच्या दाराशी नेले. बाहेर संध्याकाळ होत होती. त्याने पलीकडच्या कुंपणाचा काळोखा कोपरा दाखवला. "फांद्या मोजा," म्हणाला. एका स्कोपमध्ये मला फांद्यांचा गोळा दिसला, दुसऱ्यात फांदी न् फांदी. दोघांच्या किमतीत साठ डॉलरचा फरक होता. तिसरा आणखी दोनशे डॉलरने महाग होता, पण त्याच्यात आणि दुसऱ्यात मला तरी फारसा फरक जाणवला नाही.

तेवढ्यात माझे लक्ष शेजाऱ्यांच्या उजव्या भुवईकडे गेले. तिथे चंद्रकोरीसारखा व्रण होता. दुकानदार हसला. "स्कोपचं चुंबन," म्हणाला. डोळा आणि मागचे भिंग यांत तीन-चार इंच अंतर राहून पूर्ण चित्र दिसायला हवे. अंतर कमी असेल तर रायफलच्या धक्क्याने स्कोप कपाळात बसतो. हा आकडा डब्यावर बारीक अक्षरांत असतो आणि घाईत वाचायचा राहून जातो.

मग त्याने शेजाऱ्यांच्या रायफलवरचा जुना स्कोप उतरवायला घेतला आणि थांबला. स्कोप धरणाऱ्या कडीचा एक स्क्रू त्याने नुसत्या बोटांनी फिरवून दाखवला. "तुमचा स्कोप वाईट नव्हता," तो म्हणाला. "म्हणजे आता आत दमट धुकं दिसतंय, तो बदलायला झालाच आहे. पण गेल्या वर्षी नेम चुकला तो बहुधा याच्यामुळे."

शेजारी काही बोलले नाहीत. स्क्रू बराच वेळ त्यांच्या तळहातावर होता. वर्षभर ते काचेला दोष देत होते. शिकारीला निघण्यापूर्वी कागदाच्या निशाणावर तीन गोळ्या झाडून पाहिल्या असत्या, तर ढिला स्क्रू तेव्हाच कळला असता. त्या वर्षी काडतुसे महाग म्हणून त्यांनी तेवढेच टाळले होते.

अखेर हिशेब असा झाला. तीन-नऊ-चाळीसचा मधला स्कोप एकशे सत्तर डॉलर. चांगल्या कड्या आणि बैठक चाळीस. उरलेल्या पैशांत वीस काडतुसांची पेटी, फक्त सरावासाठी. स्कोपच्या नळीत नायट्रोजन भरलेला होता, म्हणजे आत ओल नाही आणि थंडीत धुके धरत नाही. कंपनीची आयुष्यभराची हमी होती. आता बऱ्यापैकी कंपन्या तशी देतात, आणि काहींची तर स्कोप दुसऱ्याने विकत घेतला तरी त्याच्यासोबत जाते. हात आखडता असलेल्याने जुना घेतानाही हे विचारून घ्यावे.

दोन दिवसांनी मी त्यांच्याबरोबर सरावाच्या मैदानावर गेलो. शंभर यार्डांवर कागद. तीन गोळ्या एकमेकींजवळ लागल्या, पण मध्यापासून दोन इंच खाली आणि दीड इंच उजवीकडे. स्कोपची चकती एकदा "टक" वाजली की शंभर यार्डांवर पाव इंच फरक पडतो. म्हणून आठ टक वर, सहा टक डावीकडे. पुढच्या तीन गोळ्या मध्यावर. मोडलेले वृत्त सावरावे तसा हा प्रकार मला वाटला. मात्रा मोजायच्या आणि जागेवर आणायच्या. हरणाचे हृदय आणि फुप्फुसे मिळून साधारण आठ इंचांचे वर्तुळ होते. त्याच्या आत गोळी पडली तरच प्राणी लवकर सुटतो.

मैदानावर त्यांनी मला आणखी एक गोष्ट बजावली. मी सहज म्हणालो, "समोरची टेकडी स्कोपमधून बघू का?" त्यांनी रायफल बाजूला घेतली आणि गळ्यातली साधी दुर्बीण माझ्या हातात दिली. "पाहायचं ते यातून. स्कोपमधून ज्याच्याकडे बघाल, त्याच्यावर बंदूक रोखलेली असते." झाडीत हलणारे माणूस आहे की हरीण, हे स्कोपमधून तपासायला जाणे म्हणजे माणसावर नेम धरणे. तिथे शिकाऱ्याने भडक नारिंगी कपडे घालायचा नियम आहे तो याच भीतीपोटी.

२५ नोव्हेंबरला, शनिवारी, रायफलीचा हंगाम सुरू झाला. शेजारी पहाटे गेले आणि रात्री रिकाम्या हाताने आले. मी म्हटले, "दिसलं नाही?" म्हणाले, "दिसलं. अगदी शेवटच्या उजेडात. पण खांद्यावर दोन फांद्या आडव्या होत्या. जुन्या काचेत त्या दिसल्याच नसत्या. मी चाप ओढला असता." ते हे सांगताना खूश होते. मला आधी नवल वाटले, मग उलगडा झाला.

लहानपणी बकरी ईदच्या आदल्या रात्री अब्बा ओसरीत बसून सुरीला धार लावत. आम्ही पोरे कंटाळून विचारायचो, "किती वेळ?" ते अंगठ्याच्या नखावर धार पाहून म्हणत, "जनावराला कळायच्या आत काम झालं पाहिजे. बोथट सुरी हा गुन्हा आहे." सुरी कुठल्या दुकानातली, किती किमतीची, हे त्यांनी कधी पाहिले नाही. ती गावच्या लोहाराने केलेली होती. धार मात्र ते दरवर्षी स्वतः लावत. आपण जीव घेणार असू, तर त्या जीवाचे देणे लागतो, आणि ते देणे तयारीच्या कष्टाने फेडायचे असते. पेनसिल्व्हेनियातल्या त्या गृहस्थांना एका ढिल्या स्क्रूने तेच शिकवले.

पुढच्या शनिवारी त्यांना मादी मिळाली. एक गोळी, आणि ती उभ्या जागी खाली बसली. त्यांनी आमच्याकडेही मांस आणले. आमच्याकडे शिकारीच्या मांसाचेही नियम आहेत. भावजयीने ते समजावून सांगत आभार मानले, तेव्हा त्यांना राग आला नाही. अर्धे मांस त्यांनी घरात ठेवले आणि अर्धे गरजूंच्या अन्नछत्राला दिले. १९९१ पासून त्या राज्यात शिकाऱ्यांनी दिलेले मांस असे पोचवणारी योजना आहे.

मी शिकारी झालो नाही, होणारही नाही. पण कुणी स्वस्तात स्कोप कुठला घ्यावा असे विचारले, तर सांगेन: आकडा लहान घ्या, काच स्वच्छ घ्या, स्क्रू घट्ट करा आणि वाचलेल्या पैशांची काडतुसे कागदावर खर्च करा. आणि त्या काचेतून नीट दिसले नाही, तर चापावरचे बोट काढून घरी या. त्या रात्री रिकाम्या हाताने आलेले ते गृहस्थ मला आजही आठवतात.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)