एकच पट, दोन मापं



सुरतमधल्या कोसाडच्या या मराठी साहित्य मेळाव्याचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत, मी आभारी आहे. आता मुद्द्यावर येतो, कारण मला आज भांडायचं आहे.

माझं भांडण बुद्धिबळाच्या बातम्यांशी आहे. साहित्याच्या मंचावर बुद्धिबळ कशाला, असं कुणी विचारेल. बातमी हे आपल्या घरोघरी रोज वाचलं जाणारं मराठी गद्य आहे. ते गद्य अन्याय करत असेल, तर त्याचा जाब इथंच विचारला पाहिजे.

२८ जुलै २०२५. जॉर्जियातलं बातुमी. महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख कोनेरू हंपीसमोर बसली होती. दोन्ही मुख्य डाव बरोबरीत सुटलेले, टायब्रेकरचा पहिला जलद डावही बरोबरीत. दुसऱ्या डावात काळी मोहरी घेऊन दिव्या जिंकली आणि भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. वाटेत तिनं चीनच्या झू जिनेरला, आपल्या हारिकाला आणि माजी जगज्जेत्या तान चोंगयीला हरवलं होतं. तानविरुद्धचा निर्णायक डाव १०१ चालींचा होता!

दुसऱ्या दिवशी फोटो कुठला झळकला? आईच्या गळ्यात पडून रडणारी दिव्या. ते अश्रू खरे होते, ते जरूर छापा. पण त्या १०१ चाली कुठं गेल्या? सुरुवात कोणती होती, पारडं कोणत्या चालीवर फिरलं, घड्याळात किती मिनिटं उरली होती? मी वाचलेल्या बहुतेक बातम्यांत यातलं काही नव्हतं. हंपीची चूक मात्र ठळकपणे होती.

बुद्धिबळात चुकीशिवाय कुणी हरत नाही. समोरच्याला चुकायला लावणं, हाच तर खेळ. डिसेंबर २०२४मध्ये सिंगापूरला डिंग लिरेनचा हत्ती चुकीच्या घरात गेला आणि गुकेश जगज्जेता झाला. तेव्हा परदेशी टीकाकारांनी डिंगच्या चुकीचाच जप केला. आपण किती चिडलो! त्याच्या कितीतरी आधी, इंग्रजी राजवटीत, आपल्याकडच्या मीर सुलतान खान यांनी १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा जिंकली, माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवलं. तरी इंग्रजी लिखाणात ते कित्येक दशकं निरक्षर नोकरच राहिले. हे चित्र खोटं आहे, असं त्यांच्या घरच्यांना जाहीरपणे सांगावं लागलं. त्यावरही आपण चिडतो, आणि चिडलंच पाहिजे. पण साहेबानं आपल्याला लावलेलं माप आपण आपल्याच लेकींना लावतो, तेव्हा हा राग कुठं जातो?

हे आजचं नाही. १९७६ साली मुंबईची तेरा वर्षांची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. गुजरात, महाराष्ट्र आणि बंगालच्या राज्य विजेत्यांना तिनं हरवलं. गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. शेवटी जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांना निर्णय द्यावा लागला, की बाईला राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत मज्जाव करता येणार नाही. पटावरचं दार तेव्हाच उघडलं. बातमीचं अजून उघडायचं आहे. जानेवारी २०२४मध्ये नेदरलँड्समधली स्पर्धा संपल्यावर दिव्यानंच लिहिलं, की लोक माझा खेळ सोडून माझे केस, कपडे आणि उच्चार बघतात. त्याच वर्षी जूनमध्ये आपल्या गांधीनगरला, अकरापैकी दहा गुण घेऊन, एकही डाव न हरता ती ज्युनिअर मुलींची जगज्जेती झाली. याहून चोख उत्तर कोणतं असतं?

कुणी म्हणेल, पुरुषांचं रेटिंग जास्त, म्हणून त्यांची बातमी खोल. मग रेटिंगचे आकडे छापा ना! आकड्याला माझी हरकत नाही. दोघांचे छापा, दोघांच्या चाली छापा. २००२ साली मॉस्कोत ज्युडिट पोल्गारनं कास्पारोव्हला जलद डावात हरवलं, तेव्हा पटानं तिचे कपडे विचारले नव्हते.

कोसाडकरांनो, हे तुम्हांला वेगळं समजवायला नको. तुमच्यातले कितीतरी जण जळगाव, धुळे, नंदुरबारहून तापीच्या काठाकाठानं इथं आलेले. आपल्या कोसाड आवास वसाहतीचं नाव पेपरात कशासाठी छापून येतं आणि कशासाठी येत नाही, ते तुम्ही रोज बघता. दहावीला चमकलेली पोर चार ओळींत उरकते. मारामारी झाली की वस्तीचं नाव मथळ्यात. ज्याला अशा मापाचा चटका बसलाय, त्यानं ते माप दुसऱ्याला लावू नये, एवढंच माझं म्हणणं.

म्हणून इथल्या लिहिणाऱ्यांना मी बजावतो. मुलीच्या डावाची बातमी लिहाल तेव्हा आधी डाव समजून घ्या. समजत नसेल तर खेळणाऱ्याला विचारा. त्यात कमीपणा नाही. पहिल्या परिच्छेदात चाल लिहा. आई, अश्रू, कपडे त्यानंतर, आणि मुलाच्या बातमीत लिहाल तेवढेच. वाचणाऱ्यांनो, असं लिहिलेलं दिसलं नाही तर संपादकाला पत्र टाका, नावानिशी, मराठीत. आणि तसा ठराव आजच, याच मेळाव्यात, हात वर करून मंजूर करा. मी तो मांडतो आहे. अनुमोदनाला एखादी बहीण पुढं येऊ द्या.