निबंध तिचाच असू द्या

(नागपुरात वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



आपल्या वस्तीतल्या मुली आता बारावीनंतर खासगी विद्यापीठांचे, शिष्यवृत्त्यांचे फॉर्म भरू लागल्या आहेत. त्यात मार्कांशिवाय एक जागा असते : स्वतःविषयी लिहा. पोरी तिथेच अडतात. शाळेत वर्षानुवर्षं ‘मी पंतप्रधान झाले तर’ लिहिलं. आज मी कोण आहे, हे कुणी विचारलंच नाही. मग त्या आपल्याकडे येतात आणि आपण पेन हातात घेतो. माझंच सांगते. काही वर्षांपूर्वी एकीचा निबंध मी जवळजवळ अख्खा लिहून दिला. ‘सक्षमीकरण’, ‘वंचित घटक’, सगळं आलं त्यात. मुलाखतीत विचारलं, तुझ्या घरात सक्षमीकरण म्हणजे काय? ती गप्प राहिली. प्रवेश गेला. पुढच्या वर्षी तिने फॉर्मच भरला नाही. चूक माझी होती.

यंदा दुसरी एक आली. ‘मी गरीब घरची, वडील दारू पितात, कृपया संधी द्यावी.’ निबंध कसला, विनंतीअर्जच! मी विचारलं, तू दिवसभर करतेस काय? म्हणाली, “काही नाही ना ताई, टँकरची वही लिहिते.”

त्या वहीवर आम्ही तासभर बोललो. धुणीभांडी करून उशिरा येणाऱ्या बायांना पाणीच उरत नसे. हिने त्यांची नावं आधी लिहायला सुरुवात केली. भांडणं झाली, एकीने वही फाडली. मग हिने सगळ्यांना बसवून नियम ठरवला, सह्या-अंगठे घेतले. पहिल्या दिवशी तिने स्वतःच्या आईचं नाव सगळ्यात वर टाकलं होतं, तेही लिहिलं. मी म्हटलं, हे काढू या. ती म्हणाली, “खरं आहे ते, राहू द्या.” राहिलं.

बापाची दारू मात्र तिने काढली. हा कागद उद्या घरात कुणी वाचला तर, एवढंच मी विचारलं होतं. ठरवलं तिने.

दुःख लिहूच नये असं नाही. पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. उघड्यावर बाळंत होणाऱ्या मांग-महार बायांचे हाल तिने लिहिले. वेद आमचे नाहीत तर आमचा धर्म कोणता, असं विचारलं. तिने दया मागितली नाही, जाब विचारला.

म्हणून आधी मुलीला बोलू द्या, वऱ्हाडीत बोलली तरी चालेल. मग तिलाच लिहू द्या. आपण शुद्धलेखन तपासावं. फॉर्म इंग्रजीत असेल तर भाषांतर तिला शेजारी बसवून करावं. ज्या शब्दाचा अर्थ ती सांगू शकत नाही तो खोडावा.

तिचा निकाल अजून यायचा आहे. वही सध्या धाकटी बहीण लिहिते.