उदरांतील बाळास हाताची ओळख

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या कुटुंबमेळाव्यांत प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या या वर्षीं देवळाची डागडुजी, मिरवणूक, वर्गणी इत्यादि विषयांवर आपण पुष्कळ बोललों. आज ज्या विषयावर बोलण्याची आम्हांस विनंति करण्यांत आली आहे, तो धर्मगुरूच्या तोंडीं कित्येकांस विलक्षण वाटेल. गर्भवती स्त्रीच्या मनावरील ताण, आणि उदरांतील बाळाशीं आईबापांनीं हाताच्या स्पर्शानें जोडावयाचें नातें, हा तो विषय होय. ब्रह्मचारी माणसास यांतलें काय कळतें, असें मागच्या बांकावर कोणी पुटपुटलेंही असेल. त्यावर आमचें म्हणणें इतकेंच कीं, वैद्यकाचें तें वैद्यांनींच सांगावें. परंतु जीं आंसवें दवाखान्यांत गळत नाहींत, तीं पुष्कळदां पापनिवेदनाच्या जाळीपलीकडे गळतात, आणि तीं पाहूनही मौन धरणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

आपलें कर्वेनगर म्हणजे पूर्वीचें हिंगणें बुद्रुक. विधवांसाठीं १८९६ सालीं काढलेला आश्रम धोंडो केशव कर्वे यांनीं १९०० सालीं येथील माळरानावर एका झोंपडींत आणिला, व त्यांच्याच नांवानें पुढें ही वसाहत ओळखली जाऊं लागली. आज त्या माळावर उंच इमारती आहेत, आणि त्यांत आपलीं कुटुंबें राहतात. कोणी वसईचें, कोणी नगर-जालन्याकडचें, कोणी गोव्याचें. सासर दूर, माहेर त्याहून दूर. नवरा सकाळीं हिंजवडीच्या वाटेस लागतो तो रात्रीं परततो. बाईही नोकरी करते. पूर्वी सातव्या महिन्यांत मुलगी माहेरीं जाई, डोहाळे पुरविले जात, ओटी भरली जाई, आणि पाठीवरून हात फिरविणारें कोणीतरी घरांत असे. आतां डोहाळजेवणाचीं छायाचित्रें मात्र शेंकडों निघतात; पाठीवरचा हात कमी झाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणें विकसनशील देशांत शेंकडा सुमारें १६ गर्भवती स्त्रियांस, आणि शेंकडा सुमारें २० प्रसूत स्त्रियांस मानसिक विकार, मुख्यतः विषाद, जडतो. आपल्या देवळांत मिस्साबलीस बसलेल्या गर्भवती भगिनींत असें कोणी नसेल, हें मानण्यास आधार नाहीं.

नको असलेल्या गर्भाचें ओझें काय असतें, हें पुण्यास नवीन नाहीं. १८६३ सालीं जोतिराव व सावित्रीबाई फुले यांनीं या शहरांत बालहत्या प्रतिबंधक गृह उघडिलें. फसविल्या गेलेल्या विधवा तेथें येऊन निर्भयपणें प्रसूत होत. ज्या गर्भास जगानें कलंक म्हटलें, त्याच्या आईवर त्या घरीं कोणीतरी मायेचा हात ठेवी. अशाच एका काशीबाई नामक विधवेचा मुलगा या दांपत्यानें १८७४ सालीं दत्तक घेतला. तो यशवंत पुढें डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगांत रोग्यांच्या सेवेस लागला. हीं माणसें आपल्या धर्माचीं नव्हतीं, व मिशनऱ्यांशीं त्यांचे मतभेदही होते. परंतु उदरांतील जीवाचा कैवार घेणारांत त्यांस मान देण्यास आम्हांस मुळींच संकोच वाटत नाहीं.

आतां मूळ विषयाकडे वळूं. फ्रान्स वेल्डमन (१९२१–२०१०) या डच गृहस्थांनीं स्पर्श व माया यांचा संबंध अभ्यासून एक पद्धति बसविली, व तिला स्पर्श या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘हॅप्टोनॉमी’ असें नांव दिलें. पुढें फ्रान्समध्यें तिचा विशेष प्रसार झाला. साधारणपणें चौथ्या-पांचव्या महिन्यापासून आईबापांनीं जाणत्या मार्गदर्शकाच्या सोबतीनें पोटावर हात ठेवून बाळाशीं ओळख करून घ्यावी, असा तिचा गाभा. यांत चोळणें नाहीं, दाबणें नाहीं, कसलें यंत्रही नाहीं. हात ठेवावयाचा आणि वाट पाहावयाची.

बाळास तें समजतें काय? पंचेंद्रियांत स्पर्श सर्वांत आधीं जागा होतो. सातव्या-आठव्या आठवड्याच्या सुमारास ओंठांभोंवतालची त्वचा स्पर्शास प्रतिसाद देऊं लागते. कानांची पाळी त्यानंतर कित्येक आठवड्यांनीं येते. स्कॉटलंडमधील डंडी येथील विद्यापीठांत मार्क्स व नॅगी या दोघी संशोधिकांनीं २०१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत २१ ते ३३ आठवड्यांच्या २३ गर्भांचें सोनोग्राफीनें निरीक्षण केलें. आईनें पोटावर हात फिरवितांच बाळांच्या हातांच्या, डोक्याच्या व तोंडाच्या हालचाली वाढल्या. नुसत्या आवाजानें तसें झालें नाहीं. गर्भ २३ च, म्हणून यावरून मोठे सिद्धांत बांधूं नयेत. परंतु आपल्या आज्या हें प्रयोगावांचूनही जाणत होत्या, एवढें म्हणण्यास हरकत नाहीं.

कृति साधी आहे. रात्रीं जेवण होऊन थोडा वेळ गेल्यावर आईनें डाव्या कुशीवर उशी घेऊन सुखानें पडावें, अथवा टेंकून बसावें. दूरध्वनि दुसऱ्या खोलींत ठेवावा. हात चोळून ऊन करावे, आणि दोन्ही तळवे पोटावर हलकेच टेंकवावे. टिचक्या मारूं नयेत, जोर देऊं नये. कांहीं वेळानें हाताखालीं चळवळ जाणवते. मग तळवा सावकाश दुसऱ्या बाजूस न्यावा. कधीं बाळ त्या बाजूस सरकतें, कधीं झोंपलेलें असतें. सरकलें नाहीं म्हणून रुसण्याचें कारण नाहीं. दहा मिनिटें पुरे. बापानेंही हात ठेवावा, हें आम्ही मुद्दाम सांगतों. आपले पुरुष पाळण्याची दोरी ओढण्यास तयार असतात, परंतु त्याआधींच्या नऊ महिन्यांत पाहुण्यासारखे दूर उभे राहतात. संत योसेफ यांस त्या काळांत किती संशय व चिंता सोसाव्या लागल्या, हें शुभवर्तमानांत आपण वाचतों. तरीही त्यांनीं मरियेस जवळ केलें. हात ठेवणारा बाप बायकोस न बोलतां सांगतो कीं, हें ओझें तुझ्या एकटीचें नव्हे. आमच्या मतें ताण हलका होतो तो मुख्यतः याच कारणानें. बाळाची ओळख हा वरचा प्रसाद. हात उचलण्यापूर्वीं पोटावर अंगठ्यानें क्रुसाची खूण करावी.

तो हात ठेवतांना मुलगा कीं मुलगी हा विचार मनांत आणूं नये. गर्भलिंगनिदानास आपल्या देशांत १९९४ च्या कायद्यानें बंदी आहे. परंतु कायदा यंत्रास आवरतो, सासूच्या उसाशास आवरीत नाहीं. त्या उसाशाचें ओझें गर्भवतीच्या उरावर काय बसतें, हें घरांतील वडील माणसांनीं ओळखावें.

कांहीं इशारेही देणें अवश्य आहे. पोट चोळून बाळ फिरवूं पाहणाऱ्या अडाणी हातांपासून दूर राहावें. पोट आवळून येत असेल, दुखत असेल, रक्त जात असेल, किंवा बाळाची नेहमींची हालचाल मंदावली असेल, तर हात ठेवून वाट पाहत बसूं नये. तत्काळ इस्पितळ गांठावें. मन आठवडेच्या आठवडे काळवंडलेलें असेल, झोंप उडाली असेल, जगणें नकोसें वाटत असेल, तर तो आजार आहे, श्रद्धेचा उणेपणा नव्हे. त्यास डॉक्टरच पाहिजे. सरकारनें ऑक्टोबर २०२२ मध्यें सुरू केलेल्या टेलि-मानस या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठींतही बोलतां येतें. आणि ताटाकडेही पाहावें. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गर्भवतींचा जो अभ्यास केला, त्यांत पालेभाज्या, फळें व दूध अधिक घेणाऱ्या मातांचीं बाळें अधिक भरदार आढळलीं. भाजीची जुडी निवडून देणारा नवरा हाही एक प्रकारें बाळास हातच लावीत असतो.

आतां जें सांगावयाचें तें आम्हांस सर्वांत महत्त्वाचें वाटतें. हल्लीं गर्भवतीस चहूंकडून बजावलें जातें कीं, तुझ्या मनांतला प्रत्येक विचार बाळावर उमटतो. तूं रडलीस तर बाळ रडकें होईल, तूं भ्यालीस तर भित्रें होईल. कित्येक भगिनी या धाकानें अधिकच खचतात, आणि रडूं आलें म्हणून पुन्हा रडतात. सृष्टिकर्त्यानें याची तजवीज आधींच केलेली आहे. आईच्या रक्तांत ताणाचा जो रस उतरतो, त्याचा मोठा भाग वार आपल्या ठायीं निकामी करते. बाळापर्यंत थोडाच पोंचतो. दीर्घकाळच्या तीव्र दुःखाची गोष्ट निराळी, व त्यावर उपाय केलाच पाहिजे. परंतु एखाद्या वाईट दिवसानें, एखाद्या भांडणानें, किंवा ‘हें मूल आत्तां नको होतें’ अशा एखाद्या काळ्या विचारानें बाळाचें नशीब फुटत नाहीं. पोटावर हात ठेवूनही ज्या आईस माया दाटून येत नाहीं, तिनें स्वतःस पापिणी समजूं नये. कित्येकींस ती माया प्रसूतीनंतर येते, कित्येकींस महिन्यांनीं. स्पर्श हें आणखी एक कर्तव्य म्हणून कोणीही तिच्या डोक्यावर लादूं नये.

पवित्र मरिया एलिझाबेथच्या घरीं गेली, त्या भेटीचा सण आपण ३१ मे रोजीं पाळतों. संत लूक सांगतात कीं, अभिवादन कानीं पडतांच एलिझाबेथच्या उदरांतील बालकानें हर्षानें उडी घेतली. तिला तेव्हां सहावा महिना होता. रोजिअर व्हॅन डेर वेडन या पंधराव्या शतकांतील फ्लेमिश चित्रकाराचें या भेटीवर एक चित्र आहे. त्यांत या दोघी नातलग एकमेकींच्या पोटावर हात ठेवून उभ्या आहेत. दोघीही जरा थकलेल्या. एक वयस्क, जिला लोकांनीं वांझ म्हटलें. एक कोंवळी, जिच्याविषयीं लोक काय म्हणतील याचा भरवसा नाहीं. मरिया तेथें सुमारें तीन महिने राहिली. आपल्या महिलामंडळांतील ज्येष्ठ भगिनींस आमची विनंति आहे कीं, ज्यांची आई येथें नाहीं अशा गर्भवतींच्या घरीं आठवड्यांतून एकदां तरी जावें. उपदेश करूं नये. भांडीं घासून द्यावींत, पाठीवरून हात फिरवावा.

ज्यांचे हात रिकामे राहिले त्यांस आम्ही विसरलों नाहीं. गर्भ गळाला, अथवा बाळ मृत जन्मलें, अशा माता आपल्यामध्यें आहेत, आणि या भाषणानें त्यांची जखम दुखावली असेल. स्नानसंस्कारावांचून गेलेल्या बालकांविषयीं व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगानें एप्रिल २००७ मध्यें पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या संमतीनें जें लेखन प्रसिद्ध केलें, त्यांत अशा बालकांच्या तारणाची आशा बाळगण्यास सबळ कारणें आहेत असें म्हटलें आहे. बाळास नांव ठेवावें, त्याच्यासाठीं मिस्सा सांगावी. आम्ही ती अर्पूं.

येत्या रविवारीं सकाळच्या मिस्सानंतर गर्भवती मातांस व त्यांच्या पतींस वेदीपुढें आशीर्वाद देण्यांत येईल. त्या वेळीं पतीनेंही आपला हात पुढें करावा. ज्या भगिनींस सर्वांसमोर येण्यास संकोच वाटेल, किंवा ज्यांच्या सोबतीस कोणी नसेल, त्यांनीं मागाहून सॅक्रिस्टीच्या दाराशीं यावें. आम्ही तेथें थांबूं, व मंडळाच्या दोन ज्येष्ठ भगिनीही असतील.