थांबायला शिकलेला शिकारी

लांडगा भक्ष्य मिळवतो तेव्हा त्याच्या वागण्यात काही क्रिया ठरावीक क्रमाने येतात: सावजाची चाहूल लागताच तो वळतो, नजर रोखतो, दबकत पुढे सरकतो, पाठलाग करतो, पकडतो, मारतो, फाडतो आणि शेवटी खातो. कुत्र्यांच्या वर्तनाचे अमेरिकन अभ्यासक रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर यांनी २००१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ही साखळी मांडली असून, माणसाने निवडक पैदास करत कुत्र्यांच्या निरनिराळ्या जातींत तिच्या काही कड्या बळकट केल्या आणि काही ढिल्या केल्या, असे त्यांचे प्रतिपादन आहे. शिकारी कुत्र्याचा विचार करताना ही मांडणी फार उपयोगी पडते, कारण मालकाला कोणती कडी हवी आहे यावर कुत्र्याची निवड ठरते आणि त्या कडीपाशी कुत्र्याला थांबवता येते की नाही यावर त्याचे शिक्षण पारखले जाते. पाठलाग कसा करावा हे कुत्र्याला कोणी शिकवावे लागत नाही. शिकवणाऱ्याचे सगळे कष्ट पडतात ते त्याने धावू नये यासाठी.

याला एक अपवाद आहे आणि तो मराठी मुलुखाच्या परिचयाचा आहे. दख्खनच्या पठारावर मेंढपाळ, शेतकरी आणि भटक्या जमाती ज्याला पिढ्यानपिढ्या सांभाळत आल्या तो कारवानी कुत्रा, ज्याला मुधोळ संस्थानाच्या घोरपडे घराण्याने आश्रय दिल्यामुळे मुधोळ असेही नाव पडले, हा वासापेक्षा नजरेने शिकार करणाऱ्या गटातला आहे. व्यापारी तांड्यांबरोबर पश्चिम व मध्य आशियातून आलेल्या सलुकी आणि ताझी या जातींशी त्याचे नाते असावे, असे मानले जाते. निमुळते लांब डोके, खोल छाती, आत ओढलेले पोट आणि लवचिक कणा ही त्याची ठेवण वेगासाठी घडलेली असल्यामुळे, असा कुत्रा निवडणारा माणूस पिल्लाच्या बुद्धीपेक्षा त्याच्या आईबापांचे पाय, दम आणि पंजे अधिक बारकाईने पाहतो. पुढचे शिक्षण थोडेच असते. कळपातल्या कोकरामागे धावू नये, हाक मारताच परतावे आणि जाणत्या कुत्र्याबरोबर धावून सशाच्या गिरक्यांचा अंदाज घ्यावा, एवढे जमले की बाकीचे काम रक्तच करते. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये श्येन म्हणजे ससाणा, मत्स्य आणि मृगया यांच्याबरोबरच सारमेय, म्हणजे कुत्रे, यांनाही स्वतंत्र प्रकरण मिळाले आहे, यावरून या भूभागात कुत्र्यांचा नाद किती प्रतिष्ठित होता हे दिसते.

अशा वेगवान कुत्र्यांविषयी सर्वांत समंजस लेखन मात्र दुसऱ्या शतकातील ग्रीक लेखक आरियन याचे आहे. त्याच्या आधी सुमारे पाचशे वर्षे झेनोफनने सशाच्या शिकारीवर पुस्तक लिहिले होते आणि त्यात कुत्र्यांचे गुणदोष, हाक मारायला सोपी पडावीत म्हणून त्यांना द्यायची छोटी नावे, जाळी लावायच्या जागा अशा गोष्टी आल्या होत्या. परंतु केल्ट लोकांचे नजरेने धावणारे कुत्रे झेनोफनला ठाऊक नव्हते, म्हणून आरियनने त्याच विषयावर पुन्हा लेखणी उचलली. एका सशामागे दोनपेक्षा अधिक कुत्रे सोडू नयेत, सशाला आधी थोडे अंतर द्यावे आणि खऱ्या शौकिनाने मारण्यासाठी नव्हे तर शर्यत पाहण्यासाठी बाहेर पडावे, ससा निसटला तरी आनंद मानावा, असे तो सांगतो. येथे आवर घालायचा तो कुत्र्याला नव्हे, त्याच्या मालकाला.

कुत्र्याला आवर घालण्याचे शास्त्र खऱ्या अर्थाने वाढले ते पक्ष्यांच्या शिकारीत, आणि तेही प्रामुख्याने ब्रिटनमध्ये. जॉन कायस या इंग्रज वैद्याने १५७० साली ब्रिटनमधील कुत्र्यांवर लिहिलेल्या लॅटिन पुस्तकात अशा एका कुत्र्याचे वर्णन आहे, जो पक्ष्यांचा वास लागताच आवाज न करता जमिनीला चिकटून बसतो आणि शिकाऱ्यांना त्या थव्यावर जाळे टाकू देतो. आजच्या सेटर जातींचे मूळ याच कुत्र्यात आहे. पॉइंटर ही जात स्पेनमधून अठराव्या शतकाच्या सुरुवातीस इंग्लंडमध्ये आली असावी. ती बसत नाही, तर एक पाय उचलून, मान आणि शेपटी एका रेषेत ताणून उभ्या उभ्या गोठते. लांडग्याच्या साखळीतील नजर रोखण्याचा आणि दबकण्याचा क्षण येथे पैदासकारांनी ताणून इतका लांबवला आहे की बंदूकवाला शंभर पावले चालत येईपर्यंत कुत्रा हलत नाही. नुकते चालू लागलेले पिल्लूही कधीकधी असे उभे राहते, म्हणजे कुत्र्याने रोखून उभे राहणे हे शिकवणाऱ्याचे कर्तृत्व नव्हे. पक्षी उडाल्यावर आणि बंदूक वाजल्यावरही त्याने जागा न सोडणे, हे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मागच्या बाजूने काडतूस भरायच्या बंदुका आल्या आणि शिकारीची पद्धतच पालटली. झटपट भरता येणाऱ्या बंदुकीमुळे हाकाऱ्यांकडून पक्षी उठवून ते ओळीने उभ्या असलेल्या शिकाऱ्यांच्या डोक्यांवरून उडवत आणण्याची चाल पडली. अशा शिकारीत रोखणाऱ्या कुत्र्याला फारसे काम उरले नाही. पडलेला पक्षी शोधून न चावता आणून देणारा रिट्रीव्हर हवासा झाला. न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांकडील, गार पाण्यात उड्या घेणारे काळे कुत्रे इंग्लंडच्या बंदरांत उतरत होते; माम्सबरीचे अर्ल आणि बक्लूचे ड्यूक यांच्या वाड्यांत त्यांची पैदास होऊन लॅब्रेडॉर घडला आणि १९०३ साली इंग्लंडच्या केनेल क्लबने त्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. स्कॉटलंडच्या उत्तर भागातील गिसाकन येथे पुढे लॉर्ड ट्वीडमाउथ झालेल्या डडली मार्जोरीबँक्स यांनी १८६८ साली पिवळा रिट्रीव्हर ‘नूस’ आणि ट्वीड नदीकाठच्या पाणकुत्र्यांपैकी ‘बेल’ यांचा मेळ घातला, त्या वेतापासून गोल्डन रिट्रीव्हरची वंशावळ सुरू होते.

पिल्लू निवडताना अनुभवी माणूस पिल्लाकडे सर्वांत शेवटी पाहतो. आधी तो आईबाप काम करताना पाहतो, कारण एकाच जातीतही प्रदर्शनासाठी जोपासलेली घराणी आणि शिकारीसाठी जोपासलेली घराणी आता बरीच दूर गेलेली आहेत. १८६५ साली बेडफर्डशायरमधील साउथहिल येथे सुरू झालेल्या मैदानी परीक्षांत, जिथे कुत्र्याचे रूप नव्हे तर प्रत्यक्ष काम जोखले जाते, घराण्याने काय केले हे तो वंशावळीत शोधतो. त्यानंतर प्रकृती. लॅब्रेडॉरमध्ये खुब्याचा सांधा सैल बसण्याचा आनुवंशिक दोष आढळतो, म्हणून ब्रिटनमध्ये आईबापांच्या खुब्यांचे क्ष-किरण चित्र काढून दोन्ही बाजूंचे मिळून ० ते १०६ असे गुण देतात, आणि हे गुण जितके कमी तितका सांधा चांगला समजतात. मग पिल्लाच्या स्वभावाची पाळी येते. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून असे दिसून आले की, साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लाला ज्या माणसांचा, आवाजांचा आणि जागांचा परिचय होतो त्यांची भीती त्याला पुढे सहसा वाटत नाही. म्हणून अंगणात वाढलेले, भांडी पडल्याच्या आवाजाला दचकून लगेच सावरणारे पिल्लू घ्यावे आणि कोपऱ्यात दडून राहणारे, कितीही गोंडस असले तरी, घेऊ नये. काठीला दोरीने बांधलेले पंख पिल्लापुढे नाचवून ते रोखून उभे राहते का हे पाहण्याचा खेळ पाहुण्यांना दाखवायला ठीक आहे. पिल्लू तेथे डोळ्यांनी पाहून थबकते आणि त्यावरून त्याच्या नाकाविषयी काहीच कळत नाही.

नाक हा शिकारी कुत्र्याचा असा गुण आहे की ज्यात माणसाला भर घालता येत नाही. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास ते साठ लाखांच्या आसपास, तर कुत्र्याच्या नाकात त्या दहा कोटींच्या पुढे असतात. शिवाय कुत्रा हुंगताना उच्छ्वास नाकपुड्यांच्या बाजूच्या चिरांतून सोडत असल्यामुळे पुढून येणारा वास विस्कटत नाही. शिकवणाऱ्याच्या हाती असते ते एवढेच की, कुत्र्याला वाऱ्याचा उपयोग करू द्यावा: वाऱ्याकडे तोंड करून, डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे आडवे पट्टे घेत शेत धुंडाळण्याची सवय लावावी, म्हणजे एकही कोपरा वासावाचून सुटत नाही.

प्रत्यक्ष शिक्षणाचा आरंभ घरातच, अन्नाच्या ताटलीपासून होतो. बसल्याशिवाय आणि नजरेला नजर दिल्याशिवाय ताटली खाली येत नाही, हे पिल्लाला काही दिवसांत उमगते. सहा-आठ महिन्यांचे झाल्यावर शिट्टीची भाषा येते, आणि ती मुद्दामच तोकडी ठेवलेली असते: एक लांब शिट्टी म्हणजे जिथे असशील तिथे बस आणि माझ्याकडे पाहा, तर भराभर छोट्या शिट्ट्या म्हणजे परत ये. यातली पहिली शिट्टी ही सगळ्या विद्येची किल्ली आहे, कारण दूरवर चुकीच्या दिशेने गेलेल्या कुत्र्याला हाताच्या खुणेने वळवायचे तर आधी तो थांबायला हवा. पक्ष्याच्या जागी सुमारे पाऊण-एक पौंड वजनाची, कॅनव्हासमध्ये भरणा घातलेली ‘डमी’ वापरतात. नवखा मालक ती पुनःपुन्हा फेकतो, कुत्रा आनंदाने आणतो आणि दोघेही खूश होतात. नेमके येथेच कुत्रा बिघडतो, कारण काही पडले की धावायचे अशी त्याची खात्री होते. जाणता शिक्षक कुत्र्याला बसवून चार डमी चारी बाजूंना टाकतो आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक स्वतः चालत जाऊन उचलून आणतो. कुत्रा थरथरत, जिभल्या चाटत बसून राहतो आणि पडलेली प्रत्येक वस्तू आपली नसते हे शिकतो.

बंदुकीच्या आवाजाची भीती ही बहुतेक वेळा माणसाने निर्माण केलेली असते. पिल्लू जेवत असताना किंवा खेळात रमलेले असताना दूरवर हलका आवाज करावा आणि काही आठवड्यांत अंतर कमी करत आणावे, असा रिवाज आहे. पिल्लाला एकदम बंदुकीशेजारी उभे करून पाहणे ही मर्दुमकी नव्हे, नासाडी आहे. मारझोडीचाही परिणाम असाच उलटा होतो. पक्षी सापडला की मार बसतो असे एकदा मनात बसले की काही पॉइंटर पक्ष्याचा वास आला तरी जाणूनबुजून वळसा घालून निघून जातात, आणि हा दोष जवळजवळ दुरुस्त होत नाही. ब्रिटिश सेनाधिकारी विल्यम नेल्सन हचिन्सन यांनी १८४८ साली लिहिलेल्या पुस्तकात चाबकाऐवजी धीर, खुणा आणि बक्षीस यांवर भर दिला होता, ही गोष्ट त्या काळाच्या मानाने पुष्कळच पुढची म्हटली पाहिजे.

मैदानी परीक्षेत एक दृश्य हमखास दिसते: कुत्र्याने आणून दिलेला पक्षी परीक्षक तळहातावर घेतो आणि अंगठा व बोटे दोन्ही बाजूंच्या बरगड्यांवरून दाबत फिरवतो. कुत्र्याच्या दातांनी बरगड्या चेचलेल्या आढळल्या तर तो कुत्रा, मग त्याचा वेग आणि नाक कितीही अप्रतिम असो, स्पर्धेतून बाद होतो. कुईकुई केल्याबद्दल आणि हुकमाआधी धावल्याबद्दलही हीच शिक्षा आहे. मात्र एका बाबतीत घाई हवी असते: पंख मोडून पडलेला आणि पायांनी पळत सुटलेला पक्षी आधी शोधला पाहिजे, कारण तो झुडपात तडफडत राहू नये हेच अशा कुत्र्याच्या बाजूने करता येणारे सर्वांत प्रामाणिक समर्थन आहे. येथे शिक्षकालाही स्वतःला आवरावे लागते. माग कुठे वळतो हे नाकाला कळते, शिट्टीला नाही. शंभर हातांवरून हुकूम सोडणारा मालक अशा वेळी चुकतो आणि कुत्रा बरोबर असतो.

ब्रिटनमध्ये ग्राऊस या रानपक्ष्याचा हंगाम आजही १२ ऑगस्टला सुरू होतो, परंतु २००४ च्या कायद्याने कुत्र्यांकरवी सशाचा पाठलाग करून शिकार करण्यास इंग्लंड-वेल्समध्ये बंदी आली. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीच्या व्याख्येतच कुत्रे लावून केलेला पाठलाग धरला असल्याने, कारवानी कुत्र्याने शेतातला ससा धरला तर मालक गुन्हेगार ठरतो. त्यामुळे या जातींचे गुण आता दुसऱ्या कामांकडे वळले आहेत. मुंबई-पुण्याच्या सदनिकेत पाहुण्याची चप्पल अलगद तोंडात धरून आणणारा लॅब्रेडॉर पूर्वजांचेच काम करत असतो आणि त्याबद्दल विनाकारण बोलणी खातो. सैन्य आणि पोलीस दल याच जातीला स्फोटके शोधायला शिकवतात, आणि तेथे वास लागताच न उकरता, न भुंकता जागच्या जागी बसणे हा शिक्षणाचा मुख्य भाग असतो. मुधोळची पिल्लेही २०१६ च्या सुमारास मेरठ येथील लष्कराच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात नेण्यात आली. पिढ्यानपिढ्या डोळ्यांवर विसंबून धावलेल्या कुत्र्याकडून नाकाचे आणि थांबण्याचे काम करून घेणे हे लॅब्रेडॉरला शिकवण्यापेक्षा अधिक चिकाटीचे आहे.