अंगणवाडी कोण चालवते?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



अंगणवाडी हा आज सरकारी कागदावरचा शब्द झाला आहे. पोषण आहार, मानधन, निविदा, मोर्चा या शब्दांच्या रांगेत तो निमूटपणे बसतो. त्याचा जन्म मात्र कोणत्याही खात्यात झालेला नाही. तो तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी गावी झाला, आणि तोही एका अपयशातून झाला.

ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आल्या तेव्हा त्या त्रेपन्न वर्षांच्या होत्या. राजकोटला स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्यपद, भावनगरच्या दक्षिणामूर्तीत गिजुभाई बधेका यांच्या खांद्याला खांदा लावून केलेले काम, १९२६ साली स्थापन झालेला नूतन बालशिक्षण संघ, १९३६ पासून दादरचे शिशुविहार, एवढी कमाई पाठीशी होती. माँटेसोरी बाईंचे शास्त्र त्यांनी मराठी घरांच्या दारापर्यंत आणले होते. परंतु ती घरे कोणाची? फी परवडणाऱ्या, मुलाला न्हाऊमाखू घालून वेळेवर शाळेत पोचवणाऱ्या मध्यमवर्गाची. हा प्रश्न टाळून उरलेले आयुष्य सन्मानाने काढणे सोपे होते. ताराबाईंनी तो टाळला नाही. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ होत्या. तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य, पुढे जिद्दीने शिक्षण आणि शिक्षिकेची नोकरी, अशी त्यांची वाटचाल होती.

बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले आणि बालवाडी उघडली. दलित वस्तीतील मुले मात्र तिच्याकडे फिरकली नाहीत. कारणे शोधायला लांब जावे लागत नव्हते. आईबाप भल्या पहाटे मजुरीला जातात, पाच-सहा वर्षांची पोर धाकट्याला कडेवर घेऊन घर राखते, आणि गावातला रस्ता अस्पृश्याच्या मुलासाठी तेवढा सरळ नसतो. अशा वेळी संस्थाचालक बहुधा काय म्हणतात? पालक अडाणी आहेत, त्यांना शिक्षणाची किंमत कळत नाही. ताराबाईंनी बालवाडीच उचलली आणि वस्तीतल्या अंगणात नेऊन बसवली. पुढे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर जाऊन भरणारी कुरणशाळा निघाली. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या पाड्यांमध्ये गेले आणि तेथे पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा यांची एकत्र गुंफण करणारी विकासवाडी उभी राहिली. महागड्या साधनांची जागा खडे, बिया, पाने आणि शिंपल्यांनी घेतली.

संचालन म्हणतात ते याला. शाळा कोठे भरवायची, किती वाजता भरवायची, कोणत्या बोलीत बोलायचे, धाकट्या भावंडाला बरोबर येऊ द्यायचे की नाही, हे सारे निर्णय ज्या बाईने मुलांकडे पाहून घेतले तिने ते केंद्र चालवले. बाकीच्या गोष्टी हिशेबनीसही करू शकतो.

येथे एक गोष्ट नोंदवून ठेवावीशी आहे. त्याच १९४५ साली, त्याच डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात, गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली वेठबिगारीविरुद्ध उठले. एका टेकडीवर मालकासमोर ताठ उभे राहण्याचे शिक्षण, दुसरीवर मुलाच्या हातात खडे आणि बिया. दोन्ही कामे शेजारी शेजारी, पण वेगवेगळ्या वाटांनी वाढली. लढा आणि विधायक कार्य यांची ही फारकत पुरोगामी चळवळीला पुढेही नडली आहे, आणि अंगणवाडीच्या प्रश्नात तर ती आजही नडते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. देशभर फक्त ३३ प्रकल्पांत प्रयोग म्हणून निघालेली ही योजना सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ व २००६ च्या आदेशांनंतर वस्तीवस्तीत पोचवणे सरकारला भाग पडले. महाराष्ट्रात आज लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य व आहार शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा एका छपराखाली द्यायच्या, आणि त्या देणार कोण, तर एक सेविका व एक मदतनीस. शब्द अंगणातून घेतला. अंगणातल्या बाईला जे निर्णयाचे स्वातंत्र्य होते ते मात्र मागे राहिले. सेविकेने वजने घ्यावीत, रजिस्टरे भरावीत, गरोदर स्त्रियांच्या घरी जावे, आहाराचा हिशेब ठेवावा आणि उरलेल्या वेळात शिकवावे. तो उरलेला वेळ कोणत्या घड्याळात असतो हे योजना आखणाऱ्यांनी कधी सांगितलेले नाही.

या बाईचा दर्जा काय? सरकारच्या लेखी ती मानसेवी, म्हणजे स्वखुशीने सेवा करणारी. म्हणून तिला वेतन नाही, मानधन. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली कर्नाटकाच्या खटल्यात तिचे पद नागरी सेवेतील पद नाही असे ठरवले. तीच ‘स्वयंसेविका’ २०१७ साली महाराष्ट्रात संपावर गेली तेव्हा मात्र हलकल्लोळ झाला आणि मार्च २०१८ मध्ये तिच्या कामाला अत्यावश्यक सेवा कायदा लावण्याचा घाट राज्य सरकारने घातला. विरोध झाला, सरकारला माघार घ्यावी लागली. पण त्या निमित्ताने सत्य उघडे पडले: पगार देताना ती हौशी, काम थांबवताना ती अत्यावश्यक! २५ एप्रिल २०२२ रोजी न्यायमूर्ती अजय रस्तोगी व न्यायमूर्ती अभय ओक यांच्या पीठाने सेविका व मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असा निकाल दिला. लढ्याला मिळालेले हे मोठे यश होय. त्यानंतरही डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ असा पन्नासहून अधिक दिवस संप करावा लागला, आणि २०२४ च्या ऑक्टोबरात राज्याने सेविकेचे मानधन दरमहा १३ हजार व मदतनिसाचे साडेसात हजार केले. शब्द मानधनच राहिला.

हा इतिहास कार्यकर्त्यांना माहीत आहे. मोर्चाच्या दिवशी ते आझाद मैदानावर असतात. प्रश्न पुढचा आहे. मोर्चात सेविकेच्या बरोबर चालणारे किती जण तिच्या अंगणवाडीत एक सकाळ बसून आले आहेत? तेथे मुलांना गोष्ट सांगितली जाते का, मातीत हात घालू दिला जातो का, की ‘हाताची घडी तोंडावर बोट’ करून खिचडीची वाट पाहायला लावतात? चळवळीने मानधनाचा प्रश्न आपला मानला आणि शिक्षणाचा प्रश्न तज्ज्ञांकडे सोपवून दिला. परिणाम असा, की गावात चार पैसे हाती आलेला शेतमजूरही पोटाला चिमटा घेऊन पोराला खाजगी इंग्रजी नर्सरीत घालतो. तेथे तीन वर्षांच्या मुलाला अक्षरे गिरवायला लावतात, आणि त्यालाच शिक्षण म्हणतात. त्या बापाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या डोळ्यांसमोर दुसरे काही चालताना दिसत नाही.

वरून येणारी देखरेखही शिक्षणाची नसते. पर्यवेक्षिकेकडे वीस-पंचवीस अंगणवाड्या. ती येते, रजिस्टर पाहते, सही करते. मोबाईलवरची नोंद आली तेव्हा काम सोपे होईल असे सांगण्यात आले. २०२१ साली महाराष्ट्रातील सेविकांनी ते निकृष्ट मोबाईल हजारोंनी सरकारला परत केले, कारण यंत्र अडत होते आणि त्यातील भाषा त्यांची नव्हती. वृत्तपत्रांत याची थट्टा झाली. वास्तविक ती संचालिकेने केलेली तक्रार होती: नोंदीसाठी मुलांना सोडून बसणार नाही.

तामिळनाडूत कार्तिक मुरलीधरन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास या बाबतीत फार बोलका आहे. काही अंगणवाड्यांना केवळ शिकवण्यासाठी अर्धवेळ दुसरी बाई देण्यात आली. शिकवण्याचा वेळ दुपटीने वाढला, मुलांची भाषा व गणित सुधारले. आणि विशेष हे, की पोषणही सुधारले, कारण मूळ सेविकेला आता त्या कामाला उसंत मिळाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा मोठ्या थाटाने जाहीर केला; त्या टप्प्याची पहिली तीन वर्षे आजही बव्हंशी याच एकट्या बाईच्या ओच्यात आहेत.

म्हणून मागणीपत्रात दोन कलमे शेजारी शेजारी यायला हवीत: वेतनश्रेणी, आणि प्रत्येक अंगणवाडीत शिक्षणासाठी दुसरी, प्रशिक्षित व स्थानिक बोली जाणणारी सेविका. काही संघटकांना भीती वाटते की दुसरी बाई मागितली तर पहिलीचे मानधन गोठेल. भीती निराधार नाही. सरकारे असे खेळ खेळतात. पण शिक्षण हे कलम वगळून केलेला लढा पालकाला दुरून पाहायचा राहतो. संप लांबला की त्याच्या मुलाचा आहार थांबतो आणि त्याच्या तोंडून सेविकेविरुद्ध शब्द निघतो. आपले मूल तेथे काही शिकते हे ज्याला ठाऊक आहे, तो पालक संपात सेविकेशेजारी बसण्याचा संभव अधिक.

तालुका शाखांनी येत्या दोन महिन्यांत प्रत्येकी पाच अंगणवाड्यांत जाऊन अर्धा दिवस बसावे. तपासनीस म्हणून जाऊ नये. सेविकेला आधी विचारावे, ती म्हणेल तो दिवस घ्यावा. मुले किती वाजता आली, कोणती आली नाहीत, न आलेली कोणत्या वस्तीतली आहेत, सेविका लिहिण्यात किती वेळ गुंतली आणि मुलांत किती वेळ होती, एवढेच टिपून आणावे. जी मुले आली नाहीत त्यांच्या घरी त्याच संध्याकाळी जावे.